हजाराव्या दिवसाचे पाणी

केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४ चा भूजल गुणवत्ता अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील तीन आकडे वृत्तपत्रांतून ठळकपणे आले. देशभरात तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे २० टक्क्यांत नायट्रेट, सुमारे ९ टक्क्यांत फ्लोराइड आणि सुमारे ३.५ टक्क्यांत आर्सेनिक ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक आढळले. असा अहवाल आला की पाठोपाठ दुसरीही एक बातमी येते. अमुक प्रयोगशाळेने नवा पदार्थ शोधला, तो पाण्यातील ९९ टक्के आर्सेनिक शोषून घेतो आणि खर्च लिटरमागे काही पैसे येतो. या दोन बातम्या गेली कित्येक वर्षे शेजारी शेजारी छापल्या जात आहेत. उपाय सापडला असेल तर प्रश्न शिल्लक कसा, असा विचार विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात फारसे मिळत नाही. ते भूजल-शुद्धीकरणाच्या आपल्या इतिहासात मिळते. हा इतिहास जवळपास नव्वद वर्षांचा आहे आणि त्यात नेल्लोर, नागपूर, नलगोंडा, कोलकाता अशी गावे-शहरे येतात. तो क्रमाने पाहिला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. शुद्धीकरण संचाची खरी परीक्षा उद्घाटनाच्या दिवशी होत नाही. ती साधारण हजाराव्या दिवशी होते.

आरंभ १९३७ पासून करू. मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात काही गावांतील मुलांचे दात पिवळट-तपकिरी आणि ठिपकेदार होते. प्रौढांच्या पाठीचा कणा ताठरलेला होता. काहींना मान वळवता येत नव्हती, काहींना वाकता येत नव्हते. मद्रासच्या गिंडी येथील किंग इन्स्टिट्यूटमध्ये काम करणारे हेन्री शॉर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी या विकाराचा संबंध पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडशी जोडला आणि त्याच वर्षी आपला अभ्यास 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये प्रसिद्ध केला. दातांवरील डागांमागे फ्लोराइड असते हे अमेरिकेत १९३१ मध्ये उमगले होते. परंतु तेच फ्लोराइड माणसाला अपंग करू शकते, हे आपल्या देशात नेल्लोरच्या शेतकऱ्यांच्या हाडांवरून लक्षात आले.

फ्लोराइड येते कोठून? ग्रॅनाइट व तत्सम खडकांतील खनिजांत ते असते. पाणी अशा खडकांच्या भेगांत दीर्घकाळ मुरले की ते हळूहळू विरघळते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर कॅल्शियम फ्लोराइडचा साका बसतो आणि फ्लोराइडवर आपोआप मर्यादा राहते. पाण्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम बायकार्बोनेट अधिक असेल तर हा नैसर्गिक लगाम सुटतो. म्हणून जिभेला 'गोडे' आणि मऊ लागणारे पाणीही या बाबतीत घातक ठरू शकते. शरीरात गेल्यावर फ्लोराइडचा आयन हाडांच्या खनिजातील हायड्रॉक्सिल आयनाची जागा घेतो, कारण दोघांचे आकारमान जवळपास सारखे आहे. हा बदल वर्षानुवर्षे संथपणे होत राहतो आणि पाण्याचा रंग, वास वा चव त्याची सूचना देत नाही.

नेल्लोरचा शोध लागला तेव्हा ग्रामीण भारत प्रामुख्याने उघड्या विहिरी, तळी आणि नद्या यांचे पाणी पीत होता. त्या पाण्यात पटकी, विषमज्वर, अतिसार आणि नारू यांचे जंतू असत. १९६६-६७ च्या दुष्काळानंतर चित्र पालटू लागले. युनिसेफच्या साहाय्याने कठीण खडकात खोल विंधनविहिरी खोदणारी यंत्रे देशात आली. विहिरी झाल्या, पण त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप वारंवार मोडत. त्यावरचा तोडगा बऱ्याच अंशी महाराष्ट्रात निघाला. जालना आणि सोलापूर येथे मिशनांच्या विहीर-कामातून टिकाऊ पोलादी हातपंप घडवले गेले आणि त्यांतील सोलापूर पंपाच्या रचनेचा आधार घेऊन १९७० च्या दशकात 'इंडिया मार्क २' हा हातपंप सिद्ध झाला. पुढे तो भारताबाहेर आफ्रिकेतही पोहोचला.

या हातपंपाने केलेले उपकार विसरता येणार नाहीत. बंदिस्त विंधनविहिरीचे पाणी जंतूंपासून बव्हंशी सुरक्षित होते. पायऱ्यांच्या विहिरींत उतरून पाणी भरणे कमी झाले आणि नारूचे उच्चाटन शक्य झाले. २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. त्या काळी सुरक्षित पाण्याचा अर्थ जंतुविरहित पाणी असा होता आणि तो चुकीचा नव्हता. मात्र खोल खडकातील पाणी वर आणताना त्यात काय विरघळले आहे याची तपासणी सर्वत्र झाली नाही. आंध्र, राजस्थान, गुजरात, कर्नाटक येथील अनेक गावांत आणि आपल्याकडे चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही भागांत जंतूंपासून सुटका झालेल्या लोकांच्या वाट्याला फ्लोराइड आले.

त्यावरचा पहिला देशी उपाय नागपूरच्या प्रयोगशाळेतून आला. १९५८ मध्ये तेथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ मध्ये तिचे नाव 'नीरी' झाले. तेथील संशोधकांनी १९७० च्या दशकात फ्लोराइड काढण्याची एक पद्धत विकसित केली आणि तिला ज्या जिल्ह्याची पीडा सर्वश्रुत होती त्याचे नाव दिले : नलगोंडा तंत्र. तिची सामग्री कोणत्याही किराणा दुकानात मिळावी अशी आहे. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर. तुरटीतील ॲल्युमिनियमपासून हायड्रॉक्साइडचे मऊ पुंजके तयार होतात आणि फ्लोराइड त्यांना चिकटून तळाशी बसते. चुन्यामुळे पाणी आम्लधर्मी होत नाही आणि ब्लीचिंग पावडर जंतू मारते. घरच्या घरीही हे करता येते. तळापासून थोडी वर तोटी बसवलेली बादली घ्यायची, मोजून घटक टाकायचे, दहा मिनिटे सावकाश ढवळायचे, तासभर निवळू द्यायचे आणि वरचे पाणी काढून घ्यायचे. मोठ्या टाकीत हीच क्रिया गावासाठी करता येते.

हे तंत्र स्वस्त होते, सोपे होते आणि त्यामागील विज्ञान निर्दोष होते. १९८६ मध्ये केंद्र सरकारने पेयजलासाठी तंत्रज्ञान मिशन सुरू केले, तेव्हा फ्लोरोसिसचे नियंत्रण हे त्याचे एक उपमिशन होते आणि या तंत्रावर आधारलेले संच अनेक गावांत उभे राहिले. त्यांतील अनेक बंद पडले. कारणे समजून घेतली पाहिजेत. गढूळ पाणी निवळायला तुरटी थोडी लागते. फ्लोराइड काढायला लिटरमागे काहीशे मिलिग्रॅम लागते. तिचे नेमके प्रमाण मूळ पाण्यातील फ्लोराइडवर आणि पाण्याच्या क्षारतेवर अवलंबून असते. तुरटी कमी पडली तर फ्लोराइड राहते. मात्रा चुकली तर पाण्यात ॲल्युमिनियम राहते आणि चव बिघडते. म्हणजे कोणीतरी रोज मोजमाप करायचे, रोज ढवळायचे, रोज गाळ काढायचा आणि तुरटीचे पोते संपण्यापूर्वी दुसरे आणायचे. हा 'कोणीतरी' कोण, त्याला मानधन कोण देणार, तो आजारी पडला तर काय, हे प्रश्न तंत्राच्या वर्णनात नव्हते. शेजारच्या हातपंपाचे पाणी फुकट होते, स्वच्छ दिसत होते आणि ते पिऊन त्याच दिवशी कोणाला काही होत नव्हते.

नलगोंडा तंत्राचे संच उभे राहत होते त्याच सुमारास पूर्वेकडे अधिक गंभीर संकट उघडकीस येत होते. १९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांच्याकडे पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागातील रुग्ण आले. त्यांच्या अंगावर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके होते. तळहात आणि तळपाय खडबडीत झाले होते. साहा यांनी ही आर्सेनिकची विषबाधा असल्याचे ओळखले आणि तिचे मूळ कूपनलिकांच्या पाण्यात असल्याचे दिसून आले. १९८८ पासून जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती गावोगाव जाऊन पाणी, केस, नखे आणि लघवी यांचे नमुने तपासू लागले. आरंभी त्यांचे म्हणणे फारसे मनावर घेतले गेले नाही. १९९५ मध्ये त्यांनी कोलकात्यात आंतरराष्ट्रीय परिषद भरवली आणि पश्चिम बंगालसह बांगलादेशातील संकटाकडे जगाचे लक्ष गेले. २००२ मध्ये बिहारच्या भोजपूर जिल्ह्यातील सेमरिया ओझा पट्टी या गावात त्यांना आर्सेनिक सापडले आणि ही व्यथा केवळ गंगेच्या मुखापुरती नसून तिच्या मधल्या खोऱ्यातही आहे हे सिद्ध झाले. २०१८ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या चमूने तपासलेल्या नमुन्यांवर आजचे आर्सेनिक-नकाशे बऱ्याच अंशी उभे आहेत.

आर्सेनिक जमिनीत कसे आले, यावर वैज्ञानिकांत मोठा वाद झाला. सिंचनासाठी अतिउपसा झाल्याने पाण्याची पातळी खाली गेली, हवा आत शिरली आणि पायराइटसारख्या खनिजांच्या ऑक्सिडीकरणातून आर्सेनिक मोकळे झाले, असे एक मत होते. दुसरे मत नेमके उलट होते. हिमालयातून वाहून आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा लेप असतो आणि त्यावर आर्सेनिक चिकटलेले असते. गाळात पुरलेल्या सेंद्रिय पदार्थांवर जगणारे सूक्ष्मजीव आधी प्राणवायू संपवतात आणि नंतर त्या लोहाचा वापर करतात. लोह विरघळते आणि त्याच्यासोबत आर्सेनिकही पाण्यात उतरते. १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या दुसऱ्या मताला मोठे बळ दिले आणि आज तेच सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते.

या वादातून शुद्धीकरणाचा मार्गही दिसला. ज्या लोहावरून आर्सेनिक सुटले, त्याच लोहावर ते पुन्हा बांधता येते. भूजल उपसून हवेत आणले की त्यातील विरघळलेले लोह गंजाच्या रूपाने बाहेर पडते आणि काही आर्सेनिक सोबत घेते. अडचण अशी की भूजलातील आर्सेनिक बहुधा त्रिसंयुजी रूपात असते. नेहमीच्या सामूला त्या रेणूवर विद्युतभार नसतो, म्हणून ते पृष्ठभागांना तितकेसे घट्ट चिकटत नाही. त्याचे पंचसंयुजी रूपात रूपांतर केले की त्यावर ऋणभार येतो आणि ते सहज पकडता येते. शिवाय बंगालच्या भूजलात फॉस्फेट आणि सिलिकेटही असतात आणि लोहाच्या पृष्ठभागावरील त्याच जागांसाठी ते आर्सेनिकशी स्पर्धा करतात. ऊर्ध्वपातित पाण्यात आर्सेनिक मिसळून केलेल्या प्रयोगात हे स्पर्धक नसतात. बातमीतील '९९ टक्के' आणि गावातील तोटी यांच्यातील अंतराचे एक कारण येथे आहे.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर पश्चिम बंगालमध्ये हातपंपांना जोडलेले आर्सेनिक-निवारण संच मोठ्या संख्येने बसले. 'टेक्नॉलॉजी पार्क' या प्रकल्पाखाली ११ देशी-विदेशी उत्पादकांचे संच बसवून त्यांची कामगिरी पाहण्यात आली. चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १९ संचांवर दोन वर्षे लक्ष ठेवले आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एकही संच सातत्याने पाळू शकला नाही. त्या वेळची लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम ही भारतीय मर्यादा फक्त दोन संचांनी सातत्याने पाळली. एकाच उत्पादकाचे संचही सारखे काम करत नव्हते. अभ्यासानंतर त्यांतील बहुतेक संच वापरातच राहिले नाहीत. हा शोधनिबंध प्रत्येक पदार्थविज्ञानाच्या आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने वाचावा असा आहे, कारण अपयशाची इतकी काटेकोर नोंद आपल्याकडे क्वचितच प्रसिद्ध होते.

त्याच राज्यात, त्याच काळात एक निराळा प्रयत्नही चालला होता. अमेरिकेतील लीहाय विद्यापीठाचे अरूप सेनगुप्ता आणि शिबपूरच्या बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजातील त्यांचे सहकारी यांनी १९९७ पासून गावांतील हातपंपांवर ॲल्युमिना भरलेले स्तंभ बसवले. पुढे लोह-ऑक्साइडचे सूक्ष्मकण भरलेली रेझिनेही वापरली. रसायनशास्त्र इतरांपेक्षा फार वेगळे नव्हते. वेगळेपण व्यवस्थेत होते. प्रत्येक संचाची जबाबदारी गावकऱ्यांच्या समितीकडे होती आणि कुटुंबे दरमहा थोडी वर्गणी देत. स्तंभ नियमितपणे उलट प्रवाहाने धुतला जाई. भरणद्रव्य भरून गेले की ते फेकून न देता मध्यवर्ती ठिकाणी नेऊन पुन्हा सक्षम केले जाई. त्यातून निघालेला आर्सेनिकयुक्त गाळ हवा खेळती राहील अशा वाळूच्या थरावर साठवला जाई. हा शेवटचा तपशील महत्त्वाचा आहे. तोच गाळ हवाबंद कचराभूमीत पुरला तर तेथील सूक्ष्मजीव लोह पुन्हा विरघळवतील आणि आर्सेनिक पुन्हा मोकळे होईल. २००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीने आर्सेनिक-निवारणासाठी दिलेल्या ग्रेंजर पारितोषिकांत या कामाला रौप्य मिळाले. सुवर्ण मिळाले ते बांगलादेशात वापरल्या जाणाऱ्या अबुल हुसाम यांच्या 'सोनो' गाळणीला.

या इतिहासात एक मराठी नावही आहे आणि ते पदार्थविज्ञानातून आलेले आहे. मुंबईत वाढलेले अशोक गाडगीळ मुंबई विद्यापीठ आणि आयआयटी कानपूर येथे शिकून बर्कलीला गेले आणि तेथे त्यांनी पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवली. १९९२-९३ मध्ये भारत आणि बांगलादेशात पटकीची नवी साथ पसरली, तेव्हा त्यांनी अतिनील किरणांनी पाणी निर्जंतुक करणारे साधे, अल्प वीज घेणारे यंत्र तयार केले. त्यानंतर ते आर्सेनिककडे वळले. प्रथम त्यांच्या गटाने कोळशाच्या राखेवर लोहाचा लेप देऊन पाहिला. नंतर ती वाट सोडून त्यांनी विद्युत-रसायनाची वाट धरली.

कल्पना अशी : साध्या लोखंडाच्या पट्ट्या पाण्यात उभ्या करायच्या आणि त्यांतून कमी दाबाचा विद्युतप्रवाह सोडायचा. लोह विरघळते आणि पाण्यातील प्राणवायूशी त्याची अभिक्रिया होताना अल्पजीवी, तीव्र ऑक्सिडीकारक रेणू निर्माण होतात. ते त्रिसंयुजी आर्सेनिकचे पंचसंयुजीत रूपांतर करतात. त्याच क्षणी तयार होणारे गंजाचे कण ते पकडतात आणि सगळे तळाशी बसते. वेगळी रसायने विकत आणून साठवावी लागत नाहीत. निवळण्यासाठी थोडी तुरटी पुरते. मात्रा नियंत्रित करायची ती विद्युतप्रवाहाने.

येथे शाळेत शिकलेला फॅरेडेचा नियम कामाला येतो. एक अँपिअर प्रवाह एक तास सोडला तर सुमारे १.०४ ग्रॅम लोह विरघळते. लिटरमागे १०० मिलिग्रॅम लोह लागते असे उदाहरणादाखल धरू. मग एका अँपिअर-तासात दहा लिटरची सोय होते आणि दिवसाला १०,००० लिटर पाण्यासाठी एक किलो लोह लागते. मूळ पाण्यात लिटरमागे २५० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असेल तर १०,००० लिटरमध्ये ते किती? केवळ अडीच ग्रॅम. म्हणजे अडीच ग्रॅम विष पकडण्यासाठी रोज एक किलो लोह खर्ची पडते आणि वाळवल्यावरही दीड-दोन किलो भरेल असा गाळ उरतो. वर्षाला तो अर्ध्या टनाहून अधिक होतो. विष नाहीसे होत नाही, ते जागा बदलते. म्हणून गाळाची व्यवस्था हा शुद्धीकरणाचा उपप्रश्न मानता येत नाही. तो मूळ प्रश्नाचाच भाग आहे.

जादवपूर विद्यापीठाच्या सहकार्याने २०१६ मध्ये दक्षिण २४ परगणा जिल्ह्यातील धपधपी येथील शाळेच्या आवारात दिवसाला १०,००० लिटर क्षमतेचा संच उभा राहिला. लिटरमागे सुमारे २५० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असलेले पाणी तेथे ५ मायक्रोग्रॅमच्या खाली आणले गेले. त्या चमूने आपल्या शोधनिबंधांत विद्युतप्रवाहाबरोबरच जागा कोणाची, चालक कोण, पाण्याची किंमत किती आणि गावाचा विश्वास कसा मिळवावा, यांचीही चर्चा केली. गाळ काँक्रीटमध्ये बांधून ठेवता येईल का, याचाही अभ्यास झाला. हाच गट पुढे कॅलिफोर्नियातील ॲलन्सवर्थ या छोट्या, गरीब वस्तीच्या आर्सेनिकयुक्त पाण्यावर काम करू लागला. श्रीमंत राज्यातही काहीशे घरांच्या जलव्यवस्थेला मोठ्या शहराच्या पद्धतीचा शुद्धीकरण प्रकल्प परवडत नाही, कारण तंत्रज्ञ, तपासणी आणि देखभाल यांचा खर्च वाटून घ्यायला तेथे माणसे थोडी असतात. लहान गावाची अडचण जगभर सारखीच आहे.

आयआयटी मद्रासचे टी. प्रदीप यांच्या गटाने वेगळी दिशा घेतली. लोहाचे अतिसूक्ष्म ऑक्साइड-कण आणि कायटोसान हे कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारे बहुवारिक यांचे दाणेदार मिश्रण त्यांनी साध्या तापमानाला, पाण्यातच तयार केले. 'अमृत' या नावाने ओळखले जाणारे हे तंत्रज्ञान विजेशिवाय गाळणीत वापरता येते आणि ते प्रयोगशाळेबाहेर प्रत्यक्ष वस्त्यांपर्यंत गेले आहे.

या सर्व प्रयत्नांच्या जोडीला दोन मोठे प्रवाह गेल्या दोन दशकांत आले. पहिला आरओचा. फ्लोराइडग्रस्त आंध्र, तेलंगणा, कर्नाटकात गावोगावी आरओ संच बसले आणि वीस लिटरचे कॅन विकले जाऊ लागले. ते चालतात, कारण संच चालू राहण्यात विक्रेत्याचे हित असते. हजाराव्या दिवशी तेथे कोणीतरी हजर असते. पण दाबाखाली पडद्यातून शुद्ध पाणी एकीकडे जाते, तेव्हा नाकारलेल्या पाण्यात फ्लोराइड अधिक दाट होऊन उरते आणि ते बहुधा गटारात, म्हणजे पुन्हा जमिनीत जाते. आणि ज्याला कॅन परवडत नाही तो हातपंपावरच राहतो. दुसरा प्रवाह नदीचे पाणी नळाने आणण्याचा. तेलंगणाने 'मिशन भगीरथ'द्वारे कृष्णा-गोदावरीचे पाणी नलगोंड्यासह राज्यभर नेले. जेथे हे शक्य आहे तेथे ते उत्तम. विषारी स्रोत शुद्ध करण्यापेक्षा स्रोत बदलणे केव्हाही बरे. परंतु शेवटच्या टोकाची वस्ती, उन्हाळ्यात आटणारा जलाशय आणि फुटलेली जलवाहिनी ही वस्तुस्थितीही आहे. नळ कोरडा पडला की लोक पुन्हा जुन्या हातपंपाकडे वळतात.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशन जाहीर झाले, तेव्हा ३.२३ कोटी ग्रामीण घरांत नळ होता. आता ही संख्या १५ कोटींच्या पुढे गेली आहे. आर्सेनिक आणि फ्लोराइडग्रस्त वस्त्यांसाठी २०१७ मध्येच सुमारे २८,००० वस्त्यांचे स्वतंत्र उपमिशन जाहीर झाले होते. नळयोजना पूर्ण होईपर्यंत अशा वस्त्यांत माणशी ८ ते १० लिटर, म्हणजे पिण्यास व स्वयंपाकास पुरेल एवढे पाणी सामुदायिक संचातून द्यावे, असे धोरण आहे. हे धोरण शहाणपणाचे आहे. आंघोळीचे व भांड्यांचे पाणी आर्सेनिकमुक्त करण्याची निकड नसते, म्हणून शुद्ध करायचे पाणी थोडे आणि खर्चही आटोक्यात राहतो. प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी-तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूदही आहे. नलगोंडा तंत्राच्या काळात ज्या 'कोणीतरी'चा विचार झाला नव्हता, त्याची जागा कागदावर तरी भरली गेली आहे. ती प्रत्यक्षात भरायची तर त्या महिलांना रसायने वेळेवर मिळाली पाहिजेत, कामाचे मानधन मिळाले पाहिजे आणि त्यांनी 'हे पाणी दूषित आहे' असे नोंदवल्यावर काही दिवसांत दखल घेतली गेली पाहिजे.

या इतिहासाच्या आधारे, पुढच्या वेळी 'स्वस्त जलशुद्धीकरणाचा शोध' अशी बातमी वाचताना विद्यार्थ्यांनी काही प्रश्न अवश्य विचारावेत. प्रयोग कोणत्या पाण्यावर झाला : ऊर्ध्वपातित पाण्यावर की फॉस्फेट, सिलिकेट असलेल्या खऱ्या भूजलावर? तो किती दिवस चालला : आठ तास, आठ आठवडे की तीन वर्षे? उरलेला गाळ अथवा वापरलेले भरणद्रव्य कोठे जाणार? सांगितलेल्या खर्चात चालकाचे वेतन, तपासणी आणि दुरुस्ती धरली आहे काय? आणि संच बंद पडला आहे हे गावाला किती दिवसांत कळेल? आर्सेनिकचे दुर्दैव असे की संच बंद पडला तरी तोटीतून पाणी येतच राहते आणि ते पूर्वीइतकेच निर्मळ दिसते.

आम्हा संशोधकांनीही हे प्रश्न स्वतःला विचारायला हवेत. नव्या पदार्थाची शोषणक्षमता मोजणे सोपे असते आणि ते लवकर प्रसिद्ध होते. एका गावातील एका संचाची तीन वर्षांची नोंद ठेवणे कष्टाचे असते आणि तिला तेवढा मान मिळत नाही. तरीही चक्रवर्ती यांच्या १९ संचांच्या दोन वर्षांच्या नोंदीने या क्षेत्राला जे शिकवले, ते शेकडो शोषण-आलेखांनी शिकवले नाही. तुमच्यापैकी कोणी पदव्युत्तर प्रकल्पासाठी विषय शोधत असाल तर जवळच्या फ्लोराइड किंवा आर्सेनिकग्रस्त गावातील एखादा जुना संच निवडा. तो चालू आहे का, त्याचे पाणी आज काय सांगते, चावी कोणाकडे असते आणि गाळ कोठे जातो, एवढे वर्षभर नोंदवा. तेथे पाणी भरायला येणाऱ्या बाईला '९९ टक्के' या आकड्याचा उपयोग नसतो. आजच्या हंड्यातील पाणी मुलाला द्यावे की नाही, एवढेच तिला कळायला हवे असते.